रद्द केलेला फोटो

नाशिक
गुरुवार, २३ एप्रिल, संध्याकाळ

प्रिय संजू,

काल फोनवर तू सहज म्हणालीस की शनिवारची त्वचेच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तू रद्द केलीस, टोपीचा गुण येतोय तर उगाच कशाला जायचं. मी ‘बरं’ म्हणालो. ते म्हणायला नको होतं. तुझी रूममेट पूजा सुट्टीला इथं घरी आली आहे, ती उद्या सकाळी पुण्याला परत निघतेय, तिच्याकडे हे पाकीट देतो. सरळ फोन का केला नाही, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझा आवाज खुशीत आला की मी तुला आवडेल तेच बोलून जातो. गेले अकरा दिवस तेच केलंय. कागदावर मला निदान खोडता येतं, परत लिहिता येतं.

नोव्हेंबरात ती केस वाढवायची लेझरची टोपी घरी आली, त्या दिवशी मी वहीत दीड पान लिहिलं आहे. तू तेव्हा दोन वर्षं डोक्यावरून ओढणी घेऊन फिरत होतीस. भांगाच्या मधोमध रुपयाएवढी जागा विरळ झाली होती. आजी म्हणायची, ‘बापाचं टक्कल उचललं पोरीनं, दुसरं काय घ्यायला नव्हतं का गं याच्यात?’ ती हसून म्हणायची आणि तूही हसायचीस, पण मला ते खरं वाटायचं. म्हणून निदान मीच करून टाकलं, आनुवंशिक. टोपीबरोबरच्या पुस्तिकेत दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की केस कशामुळे जातायत ते आधी डॉक्टरांकडून समजून घ्या. त्या ओळीखाली मी पेन्सिलनं रेघसुद्धा मारली होती. रेघ मारली आणि पान उलटलं. दोष माझ्या डोक्यातून आलाय तर दुरुस्तीही मीच करणार, असा काहीतरी हट्ट असावा. आज नीट सांगता येत नाही.

एक दिवसाआड वीस मिनिटं. तू खुर्चीत बसायचीस, टोपीच्या कडेनं लाल उजेड तुझ्या कानांवर पडायचा, आणि मम्मी स्वयंपाकघरातून विचारायची, ‘मंत्रीणबाई, आज कोणत्या गावाचा दौरा?’ आजीला वाटायचं की एवढे दिवे आहेत तर एकीनंच का वापरायचे. ‘तुझं झालं की माझ्या डोक्याला लाव, मला बी लय केस राहिले नाय गं आता.’ मी घड्याळ धरून समोर बसायचो. खरं सांगायचं तर घड्याळाची गरज नव्हती, टोपी आपोआप बंद व्हायची. पण त्या वीस मिनिटांत तू माझ्याशी बोलायचीस. बारावीनंतर तू माझ्याशी इतकं बोलली नव्हतीस. मला त्या टोपीचं प्रेम होतं त्यात याचाही वाटा होता, हे मला अलीकडे कळलं.

दर रविवारी फोटो काढायची कल्पना माझीच. ओझरच्या कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये, पार्ट तपासण्यात काढली, त्याची सवय. तारीख, फोटो, भांगाची रुंदी, सगळं वहीत. मी नवीन लागलो तेव्हा गोटीराम साहेब आमचे सीनियर होते. पार्टवर बारीक चरा आहे का, हे बघायला आमच्याकडे एक दिवा असतो आणि तो ठरलेल्या कोनातच धरायचा असतो. मी पहिल्याच आठवड्यात दिवा जरा हलवला आणि चरा दिसेनासा झाला, तर ते म्हणाले, ‘वा बुद्धभूषण, चरा बुजवला की तुम्ही.’ सगळं खातं हसलं. पुढे बावीस वर्षांत मी तो दिवा कधी हलवला नाही.

घरी मात्र हलवला. पहिला फोटो काढला तेव्हा हॉलमध्ये पाहुणे बसले होते, म्हणून तुला आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसवलं होतं. तू नुकतीच केस धुऊन आली होतीस. दुसऱ्या रविवारपासून आपण हॉलच्या खिडकीपाशी बसायला लागलो. केस वाळलेले, विंचरलेले, वर बाहेरचा मऊ उजेड. ओले केस डोक्याला चिकटतात आणि टाळू उघडी दिसते, कोरडे केस फुगून ती झाकतात. एवढं मला कळायला हवं होतं. पण फोटो दर वेळी पहिल्यापेक्षा चांगला दिसत होता, आणि चांगलं दिसणाऱ्या गोष्टीला मी प्रश्न विचारला नाही. जानेवारीत पुण्याला नोकरीवर जाताना तू टोपी सोबत नेलीस, मग तू घरी आलीस की फोटो काढायचो. त्याच सुमाराला तू सांगितलं होतंस की टाळूच्या मधोमध खाजतं, आग होते. मी काय म्हणालो ते वहीत आहे. ‘म्हणजे उजेड काम करतोय.’

आता बारा एप्रिलचं. तू जयंतीसाठी आली होतीस. रंगकाम चालू होतं, हॉलचं सगळं सामान खिडकीपाशी रचलेलं. तू केस धुऊन आलीस आणि बसायला जागा नाही म्हणून आतल्या खोलीत बसलीस, ट्यूबलाइटखाली, नोव्हेंबरात बसली होतीस तशीच. मी फोटो काढला. मोबाइलमध्ये पहिल्या फोटोशेजारी ठेवून बघितला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोन फोटो सारख्या उजेडात होते. जागा लहान झाली नव्हती. चांगली वाढली होती, आणि मधली त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसत होती. तू विचारलंस, ‘कसा आला, पप्पा?’ मी म्हणालो, ‘हललाय, राहू दे.’ वहीत लिहिलं, ‘प्रकाश बरोबर नाही. फोटो रद्द.’

त्या दिवशीच सांगणार होतो. मग ठरवलं, जयंती होऊ दे. मंगळवारी तू पांढरी साडी नेसलीस आणि केस मोकळे सोडून मिरवणुकीत चाललीस. मम्मी माझ्या हाताला चिमटा काढून म्हणाली, ‘बघा तुमची लेक.’ मी बघत होतो. तुझ्या डोक्यावर रस्त्याचा पिवळा दिवा होता, केसांत निळ्या रंगाचे ठिपके होते आणि तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं. मी तुझ्या आनंदासाठी गप्प बसलो असं म्हणायला बरं वाटतं. पण वहीत प्रामाणिकपणे लिहायचं तर मला तुझ्यासमोर चुकलेला बाप ठरायचं नव्हतं.

काल तू आणखी एक वाक्य बोललीस. पूजा तुला म्हणत होती की एकदा डॉक्टरांना दाखवून तर घे, त्यावर तू तिला सांगितलंस, ‘आमच्या पप्पांची नोंद चुकत नसते.’ आज मी अर्धी रजा टाकली आणि दोन्ही फोटो घेऊन गंगापूर रोडवरच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई सरळ होत्या. म्हणाल्या, पेशंट बघितल्याशिवाय मी काही ठामपणे सांगणार नाही. लेझरला त्यांनी नावं ठेवली नाहीत. काही जणांना थोडाफार फायदा होतो, पण मुळं जिवंत असली तर. मग विचारलं, ‘खाज, आग होते का?’ मला वही उघडायची गरज पडली नाही. त्या म्हणाल्या, एका प्रकारात मुळांच्या जागी व्रण होतो, तिथले केस परत येत नाहीत आणि यंत्रानं ते आणता येत नाहीत. मात्र औषधानं उरलेले वाचवता येतात, म्हणून वेळ घालवू नका. कदाचित ते नसेलही. पण ते टाळूचा छोटा तुकडा तपासूनच कळेल, माझ्या वहीतून नाही.

संजू, शनिवारची वेळ परत घे. ती गेली असेल तर तिथं जाऊन बसू, मी पहाटेच्या बसनं येतोय. डॉक्टर बघेपर्यंत टोपी घालू नकोस. पाकिटात तो बारा एप्रिलचा फोटो आहे, प्रिंट काढून आणलाय, पहिल्या फोटोसोबत. तो एकटीनं बघू नकोस, पूजाला शेजारी बसव. कारखान्यात चुकीची नोंद खोडून काढत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करतात. वहीतल्या ‘रद्द’वर मी तशी रेघ मारली आहे. नोंदीला आमच्याकडे दोन सह्या लागतात. माझी केली आहे. वही शनिवारी सोबत आणतो. दुसरी सही तू स्वतः बघून, तुला पटली तरच कर.

तुझाच,
पप्पा