गोड, खारट आणि किनवट

सोमवार, १ शहरेवर

महिन्याची पहिली तारीख. आजपासून रोज लिहायचं. तारखा कचेरीच्या, म्हणजे निजाम सरकारच्या फसली पंचांगाच्या. ज्या सरकारचा पगार, त्याचाच महिना. घरचं पंचांग बायकोच्या, चतुराच्या ताब्यात आहे, तिथी-वार तिने बघावेत.

बातमी वाईट. बदल्यांच्या यादीत माझं नाव किनवटला. यादी अजून सहीला गेलेली नाही. किनवट म्हणजे जंगल, हिवताप आणि अस्वलं. दिवाळीनंतर सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आहे. अशा वेळी घरचा कर्ता अस्वलांत?

चतुरा म्हणाली, साहेबापुढं उभं ऱ्हावा आन सांगा, लेक बाळंतपणाला यायलीय, औंदा किनवट नको. एवढंच. बायकांना वाटतं, कचेरी म्हणजे भाजीबाजार. तिला समजावलं की निजामशाहीत असं तोंड उघडून कोणी मागत नाही. त्याला तहजीब लागते, अदब लागते.

माझा प्लॅन तयार आहे. कचेरीचे आमचे साहेब, गयाससाहेब, परवा सांगत होते की मुंबईला सिनेमाच्या थेटरात त्यांनी पॉपकॉर्न नावाचा अमेरिकन पदार्थ खाल्ला. एकाच घासात गोड आणि खारट. तशी चीज इकडे नशिबात नाही म्हणाले. साहेबांना घरी चहाला बोलवायचं, समोर पॉपकॉर्न करून दाखवायचं, आणि तिसऱ्या मुठीला किनवटचा विषय आपोआप निघेल. पोटातून काळजात जायला फार वेळ लागत नाही.

मंगळवार, २ शहरेवर

पॉपकॉर्न म्हणजे मका, हे शौकतमियांकडून पक्कं केलं. शौकतमियां माझ्याच टेबलाला टेबल लावून बसतात आणि भिंतीला भिंत लावून राहतात. शहागंजातून हंगामातली पहिली कोवळी कणसं आणली. दाणे सोलून तुपात टाकले, जाळ लावला, वाट पाहिली. दाणे आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग गप्प. एकही फुटला नाही.

चतुरा म्हणाली, वले दाणे फुटायले असते तर पावसात समदं शिवार फुटलं नसतं का?

हे अपयश नव्हे. याला प्राथमिक चाचणी म्हणतात. दाणे मीठ लावून खाल्ले, बरे लागले.

गुरुवार, ४ शहरेवर

खुलताबादच्या कडूबाकडून वाळलेला, बारीक दाण्याचा मका मागवला. आज सायंटिफिक पद्धतीने केलं. निरीक्षण करता यावं म्हणून कढईवर झाकण ठेवलं नाही.

फुटले! एक दाणा देव्हाऱ्यात गेला, एक माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून थेट आत, बाकीचे खोलीभर. शौकतमियांची कोंबडी भिंतीवरून उतरली आणि माझ्याआधी तिने चव घेतली. चतुराने मुकाट्याने येऊन कढईवर परात उपडी घातली. मलाही त्याच सुमारास झाकणाची कल्पना सुचली होती.

चतुरा म्हणते, ह्या तर लाह्याच. जवारीच्या करतो तशा मक्याच्या. त्याला अमेरिका कशाला पायजे? तिला म्हटलं, अमेरिकेत याला पॉपकॉर्न म्हणतात आणि लोक पैसे देऊन खातात. ती म्हणाली, म्हणून तर म्हणतेय.

शुक्रवार, ५ शहरेवर (सुट्टी)

आज गोडाचा प्रयोग. साखर शेवटी घालण्यात काय कसब? दाण्यांबरोबरच घातली.

कढई चतुराच्या माहेरची होती. तिच्या आईने लग्नात दिलेली. साखर तळाला धरली, काळा धूर झाला, शौकतमियांच्या हसीनाभाभींनी भिंतीवरून विचारलं की कौन जला? सांगितलं, मका.

चतुरा काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा निभतं. राख आणि नारळाची शेंडी घेऊन दुपारभर घासत बसली. मी शेजारी उभा राहून देखरेख केली. आता तिची मदत न घेता सगळं एकट्याने करायचं ठरवलं आहे. तिनेही हेच ठरवलं आहे म्हणे.

सोमवार, ८ शहरेवर

साहेबांना दावत दिली. आधी नको नको म्हणाले, मी आग्रह केला, मग पुन्हा नको म्हणाले, मग येतो म्हणाले. तहजीब कशी असते ती बघावी. तारीख ठरली शुक्रवार, १९ शहरेवर. बेगमसाहेबाही येणार आहेत. जहांआरा बेगम फार कमी घरी जातात, म्हणजे हा मान लहान नाही.

चतुराने विचारलं, त्या दिवशी तिथी कोणती? म्हटलं, सरकारी कामाला तिथी नसते. ती बोटं मोजत आत गेली. तिच्या बोटांना मी कधी अडवत नाही.

आता रोज सकाळी अंघोळीनंतर एक घाणा. प्रॅक्टिस म्हणजे प्रॅक्टिस. खंड नाही.

गुरुवार, ११ शहरेवर

खंड पडला होता. मंगळवारी पाठ धरली, बुधवारी सरपण ओलं.

आज मिठाचा प्रश्न हाती घेतला. मीठ लाह्यांना चिकटत नाही, सरळ तळाशी जाऊन बसतं. युक्ती केली, पाण्याचा हबका मारला. लाह्या तिथल्या तिथे मान टाकून बसल्या. खुलताबादचा मका पहिल्यासारखा राहिला नाही हेच खरं. पहिला कसा होता हे मला माहीत नाही, पण असा नक्कीच नसणार.

शनिवार, १३ शहरेवर

धुराने घसा बसला, म्हणून आज चूल नाही. त्याऐवजी बोलण्याची तयारी केली. मुख्य काम तेच आहे, लाह्या काय, निमित्त.

शौकतमियां या बाबतीत उस्ताद. म्हणाले, अजी तात्यासाहेब, मांगने का नक्को. उलटा बोलने का. साहेब पूछे किनवट का, तो बोलो, हुजूर, किनवट तो जन्नत हय, हुक्म सर आँखों पर. फिर साहेबकूच शरम आयेगी, खुदच बोलेंगे, ऐसे आदमीकू मैं जंगल में कैसे भेजूं?

किती खोल विचार! म्हणाले, मैंने दूसरा पान ना बोल बोल के तीसरा खाया हय.

मी वाक्य पाठ केलं. जन्नतच्या आधी थोडं थांबायचं आणि नजर खाली. आरशापुढे करून पाहिलं, मलाच भरून आलं. चतुरा दारात उभी होती. म्हणाली, आवं, मनात एक आन तोंडात एक, मधल्या मधी साहेबाला कसं कळायचं? म्हटलं, खानदानी माणसाला कळतं.

मंगळवार, १६ शहरेवर

यश! पूर्ण यश!

कढई चुलीवर ठेवली, तूप घातलं, दाणे टाकले आणि शौकतमियांना एक शंका विचारायला गेलो. शंकेतून चहा निघाला. परत आलो तर परातभर लाह्या, पांढऱ्याशुभ्र, एकही करपलेली नाही. चतुरा खलबत्त्यात साखर आणि मीठ एकत्र कुटत होती, अगदी पिठासारखं बारीक. कढई खाली उतरवून कोमट तुपात लाह्या परतल्या आणि वरून ते भुरभुरवलं. प्रत्येक लाहीला धरलं. आधी गोड, मागून खारट. साहेबांनी वर्णन केलं होतं तेच.

म्हणजे माझी पद्धत मुळात बरोबर होती. तिला फक्त थोडा वेळ एकटं सोडायला हवं होतं.

गुरुवार, १८ शहरेवर

कचेरीतून आलो तर चतुरा डबेच्या डबे लाह्या भाजून बसलेली. ज्वारीच्याही, मक्याच्याही. म्हटलं, आज कशाला? दावत उद्या आहे.

ती म्हणाली, उद्या पंचमी.

नागपंचमी! शहरेवर महिन्यात नागपंचमी येते हे कचेरीत कोणी सांगत नाही. उद्या चुलीवर तवा-कढई चढणार नाही. भाजायचं नाय, तळायचं नाय, चिरायचं नाय, नागोबाला भाजतं, ती म्हणाली. पण माझा सगळा प्रोग्रॅमच साहेबांसमोर दाणे फोडून दाखवण्याचा होता! डेमॉन्स्ट्रेशन नाही तर दावत कसली? तिला म्हटलं, अंगणात स्टोवर करतो, स्टो म्हणजे चूल नव्हे. स्टोची पिन सापडेना. आत्तापर्यंत सापडलेली नाही.

साहेबांना दिवस बदला म्हणणं अशक्य. चतुरा म्हणाली, आजच्या लाह्या उद्या बी कुरकुरीतच ऱ्हातील, मी डब्याला फडकं बांधलंय. आन तुम्ही दाण्याचं नगा बघू, पोरीचं बघा. तेवढं एक वाक्य बोला.

बोलणारच आहे. नीट पाठ आहे.

शुक्रवार, १९ शहरेवर, संध्याकाळ

साहेब गेल्या गेल्या लिहायला बसलो आहे. आनंदाने.

साहेब आणि बेगमसाहेबा टांग्यातून उतरले. गल्लीत घरोघरी पंचमीच्या लाह्या. आमच्या दारापर्यंत येईतो साहेबांच्या हातावर तीन घरांनी लाह्या ठेवल्या होत्या. मी घाबरलो, आता अमेरिकेचं नाव कोणत्या तोंडाने काढू? तरी काढलं. साहेबांनी चिमूट तोंडात टाकली आणि डोळे मिटले. म्हणाले, तात्यासाहेब, यही! बिलकुल यही! मुंबईवाल्यापेक्षा सरस म्हणाले. मी नम्रपणे सांगितलं की पुष्कळ संशोधन करावं लागलं.

बेगमसाहेबा आत चतुराजवळ. आतून हसण्याचे आवाज.

तिसरी मूठ. आणि खरोखरच विषय आपोआप निघाला! साहेब स्वतःच म्हणाले, किनवट जाने में कोई तकलीफ तो नहीं? साफ बताइये, यादी अजून माझ्याकडेच आहे.

एक क्षण सारजा डोळ्यांपुढे आली. पण तयारी ही तयारी असते. थांबलो, नजर खाली केली आणि म्हटलं, हुजूर, किनवट तो जन्नत है. साहेब बघतच राहिले. मला आणखी सुचत गेलं. जंगलाची हवा, गरीब रयतेची खिदमत, लहानपणापासूनचं स्वप्न. अस्वलांबद्दलही चांगलं बोललो. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खांद्यावर हात ठेवला. काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. खानदानी माणूस.

ते गेल्यावर चतुराला सांगितलं, काम फत्ते. ती म्हणाली, मी बी बेगमला सांगून टाकलं, लेक यायलीय म्हणून. त्या म्हनल्या, आज रातीच साहेबांना सांगते. मी हसलो. म्हटलं, सोनारानेच कान टोचावेत, तू कशाला मध्ये पडलीस? पण रागावलो नाही. आज मन मोठं आहे.

बुधवार, २४ शहरेवर

हुकूम निघाला. किनवट.

साहेबांनी सगळ्या कचेरीला बोलावून वाचला. म्हणाले, जिथे जायला लोक रडतात तिथे हा माणूस हसत निघाला आहे, असे नोकर सरकारला हवेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

संध्याकाळी हसीनाभाभी बेगमसाहेबांकडून खरी हकीकत घेऊन आल्या. बेगमने त्याच रात्री शब्द टाकला होता. साहेबांनी नाव खोडायला कलमही उचललं होतं. मग खाली ठेवलं. म्हणाले, बीवी कुछ भी कहे, उस बेचारे का बचपन का ख्वाब है, मैं कैसे तोडूं?

शौकतमियांना जाब विचारला. डोकं खाजवत म्हणाले, तुम जरा जादाच अच्छा बोल दिये.

चतुरा भांडली नाही. चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, पोरीचं मी बघीन, तुमी जावा. थोड्या वेळाने म्हणाली, आवं, त्यांनी ‘साफ बताइये’ म्हनलं व्हतं ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मंग?

फार लाज वाटली. हे इथे लिहिलं म्हणून चालेल, बाकी कुठे बोलायचं नाही.

रविवार, ९ बहमन. मुक्काम किनवट

सारजाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. चतुराने निरोप धाडला की नाक माझ्यावर गेलं आहे आणि पोर भूक लागली की सरळ रडून मागते.

इथले साहेब तेलंगी. साधे, मोकळे. आज टेबलापाशी येऊन म्हणाले, एकालाच आठ दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, देता येते, कोणाला घरी जायचं आहे? नेमके माझ्याकडे बघत होते. मला नात झाल्याचं त्यांच्या कानावर होतं.

मी उठलो. तोंड उघडलं. आणि मीच ऐकलं, छे छे हुजूर, इथेच आनंद आहे, आधी बाकीच्यांचं पाहावं.

साहेब शाब्बास म्हणाले. पलीकडच्या टेबलावरचा बन्सी बसल्या जागेवरून म्हणाला, मला जायचंय. त्याला रुखसत मिळाली. त्याच्या घरी काही विशेष नाही, त्याला नुसतंच जायचं होतं. दुपारच्या गाडीने गेलासुद्धा.

खोलीवर येऊन लाह्या केल्या. स्वयंपाकातलं तेवढंच येतं, तेही अर्धं. मग दार लावून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हटलं, साहेब, मला नात झाली आहे, मला घरी जायचंय. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा रडू आलं. तिसऱ्यांदा एका दमात नीट आलं.

उद्यापासून रोज सकाळी अंघोळीनंतर हीच प्रॅक्टिस. खंड नाही.