उपरण्याखालचा शवासनी सौदा

अमरावती, वैशाख, शके १७८७

माझी लाडकी जमुना हिस शकुनचा जिवाभावाचा नमस्कार.

अकोल्याचे ऊन कसे आहे, आणि तुझे गुडघे? उत्तमरावभाऊजींनाही माझा नमस्कार सांग. आम्ही खुशाल आहोत. हा शब्द यंदा मी प्रथमच खरा लिहिते आहे, तो तू पाठवलेल्या योगी पुंजारामबुवांमुळे.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इथे कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या ह्यांची झोप गेली. सौदा कसा होतो ते तू पाहिलेच आहेस: दोघांच्या हातांवर उपरणे टाकायचे आणि आत बोटे दाबून भाव ठरवायचा. थंडीत एकदा ह्यांनी गोधडीखाली माझा हात धरला. (या वयात! मी लाजलेसुद्धा.) मग बोटे दाबू लागले, तेव्हा कळले की झोपेत माझ्याशी खंडीचा भाव चालला आहे. मी हसले खरी, पण वैद्यांनी नाडी पाहून मान हलवली. पुढची थंडी निघणे कठीण, म्हणाले.

बुवांनी आसने शिकवली. ती हे भराभर उरकायचे, आणि शेवटी उताणे पडून अंग सैल सोडायची वेळ आली की उठून पागोटे शोधायचे. "बुवा, भाव काय माया निजन्यासाठी थांबते?"

बुवा म्हणाले, "नाही थांबत. तू मेल्यावरबी तो चालूनच राहीन. मंग तुयावाचून त्याचं कसं चालते ते आताच पाहून घे ना!"

हे बोलणे ह्यांच्या मनाला लागले. हळूहळू पाय सुटले, जबडा सुटला, पण बोटे काही सुटेनात. मला आपली मडमेची शाळा आठवली. दुपारी ती आपल्याला तळवे उघडे ठेवून निजवायची आणि तू मुठीत चिंच लपवायचीस. मी ह्यांच्या तळव्यांवरून हात फिरवत बसायची. अखेर एका दुपारी बोटे उमलली. माश्या बसू नयेत म्हणून मी अंगावर उपरणे घातले.

तेवढ्यात दलाल अब्दुल रहीम आले. ज्या खरेदीच्या सौद्यासाठी आम्ही शेत गहाण टाकणार होतो, तोच घेऊन! हे डोळे मिटून हिशेब करताहेत असे समजून, मी अडवण्याआधीच त्यांनी सवयीने उपरण्याखाली हात घातला. बोट दाबले, इकडून काही नाही. भाव उतरवत गेले, तरी काही नाही. "कावून किसनराव, इतक्यातबी नाही? लय कडक झाले तुमी!" म्हणून रागाने गेले आणि तो कापूस दुसऱ्याला विकला.

हे जागे झाले आणि मला इतके बोलले की मडमेची छडी परवडली. पुढे तारेने खबर आली: लढाई संपली, भाव कोसळला. हे ओट्यावरून उठले आणि कुणी न सांगता आत जाऊन उताणे पडले. परवा वैद्य म्हणाले, नाडी आता शांत आहे. जमुना, माझा माणूस तू मला परत दिलास. हे कसे फेडू?

तुझीच,
शकुन

ता. क. एक अडचण आहे. हे आता दिसेल त्याला निजवतात. आमची स्वयंपाकीण तानुबाई निजली आणि डाळ करपली. काल अब्दुल रहीमही ओसरीत आडवे होते. एवढ्या निजलेल्यांमधून वाट काढत घरकाम मी एकटी करते. मला पाठ टेकायला सवड नाही. ह्यांना महिनाभर ठेवून घेशील? भाऊजींना खुशाल निजवू देत.

आणखी एक. महिना फार होईल गं. आठ दिवसांनी धाडून दे.