गुरुवारचा माल

पप्पा,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही बोल्टांचा माल ॲसिडमध्ये धुतला आणि त्यावर झिंक चढवलं.
२. शुक्रवारी मानपाड्याच्या त्या पट्ट्यात कारखान्यांची वीज बंद असायची. माल टोपलीत पडून राहिला.
३. शनिवारी तो भट्टीत तापवला. मालाच्या कार्डावर सही तुमची.
४. त्यातले चार बोल्ट तुमच्याच शेडमधल्या प्रेसला लावले. प्रेस ऑपरेटरने ते आवळले.
५. सोमवारी सकाळी तुम्ही प्रेसजवळून जाताना एका बोल्टाचं डोकं उडालं आणि तुमच्या गळ्यात घुसलं.
६. चौथ्या दिवशी ऑपरेटर कोपरला आपल्या घरी आला. त्याला दारात मारलं.

सहावं तुम्हाला माहीत नाही. मोठ्या काकांनी ऑपरेटरकाकांची कॉलर धरून जिन्यावर पाडलं, कमरेचा पट्टा काढला आणि बकलाच्या बाजूने मारायला लागले. "साल्या, माझ्या भावाला खाल्लास! किती आवळलास रे?" ते हात डोक्यावर घेऊन एवढंच म्हणत होते, "जास्त नाय आवळला, भाऊ. आईशप्पथ. वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना." आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी अकरा वर्षांची. माझ्या हातात पत्र्याची कंपासपेटी होती, तिची कड मी त्यांच्या तोंडावर मारली. पुढचे दोन दात तुटले. मागून कुणीतरी म्हणालं, "बापावर गेली पोरगी." नंतर उंबऱ्यावर पाणी ओतून सगळ्यांनी चहा घेतला. पुढच्या महिन्यात त्यांना कामावरून काढलं.

तुमच्या वस्तू दवाखान्यातून एका पिशवीत आल्या, त्यात बोल्टाचं डोकंही होतं. ते मी तेल लावून ठेवलं. आता मी ठाण्यात एका लॅबमध्ये काम करते, लोकांचे तुटलेले बोल्ट तपासते. आपला कधी तपासला नाही. मागच्या आठवड्यात खोपटला एका एटीएमच्या दारात वॉचमन उठून उभा राहिला. "तू त्यांची मुलगी ना गं? केवढी झालीस!" हसताना त्यांनी तोंडावर हात धरला. मी पैसे न काढताच वळले, तर मागून म्हणाले, "तेव्हा लहान होतीस तू. पण मी खरंच जास्त नव्हता आवळला."

दुसऱ्या दिवशी मी ते डोकं साफ करून मायक्रोस्कोपखाली ठेवलं. लोखंडात अणू ओळीने रचलेले असतात आणि त्यांना धरून ठेवणारे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, सगळ्यांमध्ये फिरत असतात. म्हणून जोर पडला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, धातू ताणला जातो, तुटायच्या आधी बारीक होतो. जास्त आवळलेला बोल्ट असा मानेत बारीक होऊन तुटतो. हा कुठेच बारीक झालेला नव्हता. तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी, कण कणापासून सुटलेला. हे हायड्रोजनचं काम. ॲसिडमध्ये आणि झिंक चढवायच्या टाकीत हायड्रोजनचे अणू सुटे होतात, इतके लहान की पोलादात शिरतात आणि कणांच्या सांध्यांत जाऊन बसतात. लगेच तापवलं तर ते बाहेर पडतात. दीड दिवसाने तापवून उपयोग नसतो, तोवर आत बारीक भेगा पडायला लागलेल्या असतात, आणि त्या भरत नाहीत. मग आवळलेला बोल्ट गप्प बसतो आणि कधीतरी एकदम उडतो.

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या वर्षी, एका शनिवारी, मी तुमचा डबा घेऊन आले होते. भट्टीवर कागद चिकटवलेला होता, तो मी मोठ्याने वाचला: झिंकनंतर चार तासांच्या आत तापवणे. मी विचारलं, "पप्पा, हा माल तर गुरुवारचा आहे ना?" तुम्ही सगळ्यांसमोर कानाखाली मारलीत. माझं डोकं टोपलीच्या कडीवर आपटलं. "तो कागद तपासणीवाल्यांना दाखवायला असतो. शाळेतलं शहाणपण शाळेत ठेवायचं." ऑपरेटरकाकांनी मला उचललं, कानामागचं रक्त पुसलं. तुम्ही कार्डावर सही करत होता. घरी येताना वडापाव घेऊन दिलात आणि आईला सांगायचं नाही म्हणालात. मी सांगितलं नाही.

रिपोर्ट मी लिहिलाय. दोन पानं आहेत, लॅबचं नाव नाही, खाली माझं आहे. तो घेऊन ऑपरेटरकाकांकडे जायचं आहे. आईला अजून बोलले नाही. मोठे काका म्हणतील, मेलेल्या बापाच्या तोंडाला काळं फासलंस. म्हणू दे. एक गोष्ट मात्र रिपोर्टमध्ये लिहिता आली नाही: त्या दिवशी त्यांना मारताना मला बरं वाटलं होतं. तुम्ही मेल्याचं दुःख तोवर यायचंच होतं, आणि कुणाला तरी मारता येत होतं.

तुम्ही नुसती सवय म्हणून सही केलीत की बोल्ट तुटू शकतो हे माहीत असून, एवढंच मला विचारायचं आहे. हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी विचारते. मंगळवारी त्यांची सुट्टी असते, तेव्हा मी जाणार आहे. सोमवारपर्यंत कळवा.