चौथ्या दिवशी, सकाळी अकरा वाजता

१२ एप्रिल, सोमवार

पोचले एकदाची बुडापेस्टला! सेगेदहून निघताना धाकट्या बहिणीने, पिरोश्काने, डब्यात भाजलेल्या खाऱ्या पोगाचा इतक्या भरून दिल्या होत्या की समोर बसलेल्या आजोबांना चार खाऊ घातल्या तरी उरल्या. अकरा वर्षं वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारले, आता ते वाचनालयच बंद झालं. चाळिशीत नवी नोकरी मिळणार नाही असं सगळे सांगत होते. मिळाली!

काम तर असं की मीच कोणाला तरी नजराणा द्यावा. हाल्मोश साहेबांचं छोटंसं प्रवासी ऑफिस आहे. त्यांना राजधानीची निवांत सहल आखून हवी आहे. पाच दिवसांची, झेंडा धरलेल्या गाईडमागे धावायचं नाही अशी. पहिले गिऱ्हाईक देब्रेत्सेनचे आठ निवृत्त शिक्षक. साहेब म्हणाले, घाई करू नका एमेशेबाई, सावकाश आखा, पाहिजे तितके दिवस घ्या. साठीचे आहेत, टोपी उचलून बोलतात, असा माणूस हल्ली दिसत नाही.

राहायची खोलीही त्यांनीच दिली. आठव्या वॉर्डात, मेग्यी गल्लीत, जुन्या चौकोनी इमारतीत दुसरा मजला. मधे अंगण, प्रत्येक मजल्यावर चारही बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी. माझी खिडकी अंगणावर उघडते. साहेब किल्ली देऊन फाटकाबाहेरूनच परत गेले. जिने चढवत नाहीत म्हणे.

खोली स्वच्छ आहे. झोप छान लागणार.

१४ एप्रिल, बुधवार

पहिला दिवस आखून झाला. सकाळी बुदाच्या टेकडीवर, पण बसने नाही, मागच्या पायऱ्यांनी, मधे दोनदा बाकावर टेकत. मात्याश चर्चमध्ये गर्दी व्हायच्या आत पाऊण तास. मग जेवण, मग काहीही नाही! दुपारी 'काहीही नाही' असं मी खरंच लिहिलंय. लोकांना सहलीत हेच हवं असतं आणि कोणी देत नाही.

इमारतीतली माणसं मात्र विचित्र. आपल्याकडे जिन्यात भेटलं की अनोळखी माणसालाही नमस्कार होतो. इथे मी तीनदा केला, तीनदा दारं आपटली. तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत, दारावरच्या पाटीवर इर्मा असं नाव आहे, सत्तरीच्या, एप्रनवर कायम पीठ. आज कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होत्या. तोंड हलत होतं, आवाज नव्हता. मला वाटलं, बिचाऱ्यांचा घसा बसलाय. तेवढ्यात खणखणीत ओरडल्या, "ए भवाने, निघ इथनं! सेगेदला मसणं कमी पडली काय?"

मी सेगेदची आहे हे यांना कुणी सांगितलं? बॅगेवरची चिठ्ठी वाचली असावी.

१७ एप्रिल, शनिवार

दुसरा दिवस संग्रहालय, त्यानंतर कॉफीहाउसमध्ये दोन तास. तिसरा दिवस गरम पाण्याच्या कुंडांचा. गळ्यापर्यंत पाण्यात बसून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे बघत राहायचं. पाचवा दिवस डॅन्यूबवरची बोट. चौथा मी मोकळा ठेवला होता, तर साहेबांनी फोनवर सांगितलं की चौथ्या दिवशी सकाळी अकराला ही इमारत दाखवायची. मी हसले. इथे काय बघायचंय? ते म्हणाले, नदीच्या या बाजूचं जुनं पेश्त, खरंखुरं, आता असं उरलंय कुठे.

पटण्यासारखं आहे. लिहून टाकलं.

पण शेजाऱ्यांचं काय करायचं? काल अंगणातून जाताना वरून बादलीभर घाण पाणी पडलं, एका हाताच्या अंतरावर. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ दोन्ही हात हलवत माझ्यापुढे आडवे आले, ओठ हलवले, आवाज नाहीच. मग कळवळल्यासारखा चेहरा केला आणि माझ्या पायांवर थुंकले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या! थुंकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, भाडेकरू तऱ्हेवाईक आहेत, मनावर घेऊ नका.

२१ एप्रिल, बुधवार

आज तालीम होती. साहेबांनी एगेरचं एक जोडपं पाठवलं, ओत्तो आणि मार्गित. दोघं गोड. मार्गितबाई बोलक्या, नवऱ्याच्या मफलरची गाठ सारखी नीट करायच्या. "हे बघ ओत्तो, ते बघ ओत्तो." त्यांना चौथा दिवस दाखवायचा होता.

फाटकाशी आलो तर ओत्तोंना सिगार ओढायचा होता, ते फुटपाथवरच थांबले. मार्गितबाई एकट्या माझ्याबरोबर आत आल्या. आणि सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम कल्लोळ उठला. वीस-पंचवीस माणसं शिव्या देत होती, भांडी कठड्यावर आपटत होती. इर्मा काकू तर ऐकवणार नाही असं बोलल्या. मी लाजेने मेले. मार्गितबाई म्हणाल्या, "अगं राहू दे, आमच्याही गल्लीत अशीच भांडकुदळ माणसं आहेत."

तेवढ्यात साहेबांचा फोन. आत नीट ऐकू येईना म्हणून मी फाटकाबाहेर गेले. मिनिटभर. परत आले तर अंगण रिकामं. गॅलऱ्या रिकाम्या. सगळी दारं बंद. एवढी शांतता की नळाचा थेंब ऐकू येत होता.

मजले पालथे घातले. मग बाहेर येऊन ओत्तोंना सांगितलं की मार्गितबाई सापडत नाहीत.

त्यांनी विचारलं, "कोण मार्गित?"

२२ एप्रिल, गुरुवार

पोलीस चौकीत गेले होते. त्यांनी ओत्तोंना हॉटेलात फोन केला. ते सभ्यपणे म्हणाले की मी एकटाच आलोय, लग्न कधी केलंच नाही. हॉटेलवाल्यांनीही एकाच पाहुण्याची नोंद दाखवली. हवालदाराने मला पाणी प्यायला दिलं, वर विचारलं की झोप होते का.

पण काल भरून घेतलेला सहलीचा फॉर्म माझ्याकडे आहे! त्यावर दोन नावं आहेत. मार्गितबाईंनी स्वतः भरलाय, कोपऱ्यात लिहिलंय, 'ओत्तोला मीठ कमी.'

साहेब म्हणाले, तुम्ही दमला आहात. आराखडा देऊन टाका, मग आठवडाभर घरी जाऊन या.

२३ एप्रिल, शुक्रवार

दिला. साहेब फाटकाबाहेर उभे होते, मी आतून हात बाहेर काढून कागद दिले. त्यांनी तिथेच सगळी पानं वाचली. फार सुंदर झालंय म्हणाले. टोपी उचलली.

देब्रेत्सेनचे शिक्षक उद्या येणार. मी त्यांना सकाळी बुदाला नेऊन पोचवते आणि दुपारच्या गाडीने सेगेद. पुढचं साहेब बघतील. आता मला इथे राहायचं नाही.

२४ एप्रिल, शनिवार

फाटकातून बाहेर पडता येत नाही.

नीट लिहिते. किल्ली लागते. फाटक उघडतं. समोर रस्ता दिसतो, बेकरी, ट्रामची तार, सगळं. पाऊल टाकलं की मी अंगणात, फाटकाकडे पाठ करून. बॅग घेऊन अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी तिथेच बसले.

वर बघितलं तर दुसऱ्या मजल्यावर मार्गितबाई. पलंगपोस झटकत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तसं माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. "मला का आणलंस गं? माझ्या ओत्तोला कोण बघणार? मला का आणलंस?"

इर्मा काकू खाली आल्या. आज त्यांचा आवाज नीट ऐकू येत होता. साधा, मऊ आवाज. म्हणाल्या, आता तू आमच्यातली, आता तुला सगळं ऐकू येणार. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्याही हाल्मोशसाठी सहली आखायच्या. आराखडा होईपर्यंत फाटक आपल्याला सोडतं. कागद त्याच्या हातात पडले की संपलं. आणि पाहुणा म्हणून जो उंबरा ओलांडतो, तो बघता बघता इथला होतो. बाहेर त्याची आठवणसुद्धा राहत नाही; तू इथे राहायचीस म्हणून तुला राहिली.

मी विचारलं, मग मला नीट सांगितलं का नाही? शिव्या का दिल्या?

त्या म्हणाल्या, "सांगितलं गं बाई. पहिल्या दिवसापासून सांगत होते. येऊ नको, पळ, वाचव, यातला शब्दन् शब्द इथून बाहेरच्याला ऐकू जात नाही. तोंड नुसतं हलतं. फक्त शिव्या नि जिव्हारी लागणारं बोलणं ऐकू जातं. मग आम्ही शिव्या देतो. जितक्या घाण देता येतील तितक्या."

हाल्मोश हे का करतो, तेही विचारलं. इतकी वर्षं त्या त्याला वरून ओरडून तेच विचारतायत म्हणे. तो टोपी उचलतो.

२५ एप्रिल, रविवार

सकाळी पिरोश्काला फोन केला. उचलला. मी रडत सगळं सांगितलं. पलीकडून ती हॅलो हॅलोच करत होती. मग मी लहानपणची शिवी दिली, आम्हा दोघींनाच माहीत असलेली. "शेंबडं बदक!"

ती शिवी ऐकू गेली. पिरोश्का म्हणाली, राँग नंबर, आणि लोकांना असे फोन करायची लाज वाटायला हवी.

पिरोश्का गं—

मग शिक्षकांच्या हॉटेलला लावला. शिव्याच घातल्या, दुसरं काय घालणार. ठेवून दिला त्यांनी.

आता साडेतीन झाले. दुसरा दिवस. ते कॉफीहाउसमध्ये बसले असतील, खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी. मीच लिहिलंय, तिथलं ऊन चांगलं असतं.

२६ एप्रिल, सोमवार

तिसरा दिवस. कुंडात असतील. पाय मोकळे करत.

अंगणात सगळे जमलो होतो. उद्या अकराला जोर लावायचा असं ठरलं. थुंकणारे गृहस्थ, लासलो काका, म्हणाले की नुसत्या शिव्यांनी आजवर तिघंच परत गेले. लोकांना गंमत वाटते. जुन्या पेश्तचा अस्सल रंग म्हणतात. मनाला लागेल असं बोलायला हवं, पण अनोळखी माणसाचं वर्म आम्हाला कुठून माहीत असणार?

मला माहीत आहे. आठ जणांचे फॉर्म माझ्या पिशवीत आहेत. 'या सहलीतून तुम्हाला काय हवंय?' असा रकाना मीच घातला होता, आपुलकी वाटावी म्हणून. गिझेल्ला नावाच्या बाईंनी लिहिलंय: 'माझ्या मुलीला, लिल्लाला, मला राजधानी दाखवायची होती. शरदात ती गेली. आता तिच्या वाटची मीच बघते.'

इर्मा काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी एप्रनला हात पुसून कागद घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला.

इतरांचे रकाने असे नाहीत. एकाला फोटो काढायचेत, एकाला पोटभर खायचंय. आठही फॉर्म गिझेल्लानेच गोळा करून पाठवलेत, सगळे तिचं ऐकत असावेत. ती फिरली तर बाकीचे तिच्याबरोबर फिरतील.

२७ एप्रिल, मंगळवार

साडेदहा. सगळे कठड्याशी उभे. मार्गितबाई माझ्या शेजारी आहेत, माझ्याकडे बघत नाहीत, पण माझ्या हातात एक झाकण दिलं, वाजवायला. वही कठड्यावर ठेवलीय.

दहा पन्नास. हाल्मोशचा आवाज. गल्लीच्या कोपऱ्यावर.

आले. आठही. फाटक उघडंच आहे. तो बाजूला उभा, टोपी हातात.

आम्ही सुरू केलं— कान फुटतील असं— लासलो काकांचा आवाज फाटला—

ते हसतायत. उंबऱ्यापलीकडे उभे राहून हसतायत. एकाने कॅमेरा काढला. हाल्मोश त्यांना काहीतरी समजावतोय, नाटक आहे असं— टाळ्या वाजवल्या त्यांनी—

निळ्या कोटातल्या बाईला कोणीतरी गिझेल्ला म्हणून हाक मारली. तिच्या गळ्यात दोन चष्मे आहेत. एक लहान मुलीचा वाटतो— नाही, तरुण बाईचा.

मी बोलले.

तिचं नाव घेऊन बोलले. लिल्लाला तुला इथे आणायचंच नव्हतं म्हणाले, लाज वाटायची तिला तुझी, आजारपणातसुद्धा तू खोलीत आलीस की ती तोंड फिरवायची— कुठून सुचलं मला— अजून बोलले, ते लिहिणार नाही.

ऐकू गेलं. हसू थांबलं सगळ्यांचं.

ती मागे सरली. एक पाऊल. दोन. जा बाई. जा, माझा तिरस्कार करत जा—

खाली बसली. फुटपाथवरच.

सगळे तिच्याभोवती जमलेत. कोणी पाणी मागतंय. कोणीतरी म्हणालं, उन्हात नको, आत सावली आहे, बाक आहे. हाल्मोश फाटक धरून उभा—

दोघांनी तिच्या काखेत हात घातले. उचलतायत. किती जपून— किती मायेने—

अहो नको. आत नको. नको हो—

माझं तोंड नुसतं हलतंय. शिवी, एखादी शिवी— इर्मा काकू रडतायत, त्यांनाही— मला एकही शिवी आठवत ना—