धुण्याचं पहिलं पाणी

आई, चर्चच्या मागचं बुचाचं झाड तोडायचं ठरलं होतं. गाड्या लावायला जागा पुरत नाही म्हणून. मला हे कळलं ते त्याच चर्चच्या इतिहासाची पानं तपासताना. मी आता निवृत्त झालेली मराठीची बाई. कुणाच्याही मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ बघायला मला बोलावतात, आणि नाही म्हणायचाही कंटाळा येतो. हल्लीचे फादर तरुण आहेत, वसईकडचे, बोलायला गोड. "मॅडम, स्मरणिका छापायला जायचीय, एकदा नजर टाका," म्हणाले आणि गठ्ठा हातात दिला. झाडाचा उल्लेख शेवटच्या पानावर होता, 'आगामी सुधारणा' या मथळ्याखाली.

गठ्ठ्यात बाकी सगळं आहे. छावणीतल्या गोऱ्या शिपायांसाठी हे चर्च कसं उभं राहिलं, काळा दगड कुठून आणला, कौलं मंगलोरहून कशी आली, गोरे गेल्यावर गोव्याच्या बँडवाल्यांनी आणि रेल्वेतल्या माणसांनी ते कसं सांभाळलं. बाकांच्या पाठीला खाचा आहेत ना, त्या शिपायांच्या बंदुका टेकवायला होत्या म्हणे. तू सांगायचीस, छत्र्यांसाठी आहेत. मी इतकी वर्षं तेच धरून चालले होते. आजवरच्या फादरांची यादी आहे, फोटो आहेत. घंटेला तर अख्खं पान दिलंय. तू कुठेच नाहीस. मला राग आला. पण रागावायलाही अंगात जोर लागतो, तो आता फार टिकत नाही.

दर शनिवारी तू तिथल्या वेदीवरची पांढरी कापडं धुतलीस, माझ्या जन्माच्या आधीपासून ते हात चालेनासे होईपर्यंत. आपण विहारात जाणारी माणसं. शेजारणी चिडवायच्या, तर तू एवढंच म्हणायचीस, "द्येव त्येंचा आसंल, धुनं माझं हाय." मिस्सेतला, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेतला, प्याला पुसायच्या रुमालांना पवित्र द्राक्षारस लागलेला असतो, म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीला द्यायचं, असं तेव्हाच्या म्हाताऱ्या फादरांनी तुला सांगितलं होतं. त्यांनी हे बुचाचं झाड दाखवलं, कारण तिथे कुणाचा पाय पडत नव्हता. मी लहानपणी एकदा बादली मोरीत लवंडली, तेव्हा तुझा ओला हात माझ्या गालावर बसला होता. "दुसऱ्याचं जपायचं म्हंजी आपल्यापरीस जास्त जपायचं," म्हणालीस. गाल दिवसभर हुळहुळत होता.

मंगळवारी मी पानं परत द्यायला गेले आणि फादरांना म्हटलं, झाड तोडू नका. का, म्हणून त्यांनी विचारलं. मग तुझं सगळं सांगितलं.

"दर शनिवारी, मॅडम?"

"दर शनिवारी. एकही चुकला नाही."

"मग त्या मातीवर गाड्या कशा लावायच्या," म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने समासात तुझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या. झाड राहिलं, आई.

पण एकही चुकला नाही, हे खोटं आहे. दहावीच्या वर्षी तुझा गुडघा धरला होता, म्हणून पहिल्या पाण्याची बादली माझ्याकडे आली. धुण्याच्या दगडापासून झाडापर्यंत चर्चला पूर्ण वळसा घालावा लागायचा, आणि वाटेवर वर्गातल्या पोरी दिसायच्या. मला लाज वाटायची. दिवाळीनंतर मी ते पाणी सरळ कोपऱ्यावरच्या मोरीत ओतायला लागले. मग भिंतीआड थोडा वेळ उभी राहायचे आणि रिकामी बादली घेऊन परत यायचे. "घातलं?" "घातलं." असं किती आठवडे चाललं, मी मोजलं नाही. मग एका शनिवारी तू म्हणालीस, "तुजी परिक्षा हाय. तू आब्यास कर, बादली मी न्येते." पाय ओढत, मध्ये दोनदा बादली टेकवत तू गेलीस. मी पुस्तक उघडून बसले होते आणि सुटले एकदाची, असं मला वाटलं होतं.

फादरांकडून निघताना झाड बघायला मागे गेले. चैत्रातलं ऊन. मुळाशी माती भुरभुरीत, भेगाळलेली. तिथे महिनोन्‌महिने पाणी पडलेलं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वर्षी तूही इथे येऊन अशीच कोरडी माती बघत उभी राहिली असशील. तरी त्या वेळी तुझा हात उठला नाही, आणि तेच आता सोसवत नाही. मारलं असतंस तर बरं झालं असतं गं.

तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे. आता तू नाहीस, हे पत्र कुणाला वाचून दाखवू? काल छापण्याआधीची शेवटची पानं आली. त्यांत तुझं नाव आहे, आणि खाली 'एकही शनिवार चुकला नाही' असं आहे. माझी लाल पेन्सिल त्या ओळीवर थांबली. मग मी ती ओळ तशीच राहू दिली.