बाई, डोंगर मोकळा झाला

बाई, आधी माफी करा. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकणार. आन मोबाईलवर मी एका बोटानं लिवते, एक अक्षर सापडंपतोर दुसरं इसरतं. तुमी असतासा तर लाल पेनच काढला असतासा. पर हे तुमास्नीच सांगावं वाटलं.

मी तुमच्या चौथीतली, मेंढरंवाल्यांची धाकटी. आता अठरा वर्सांची हाय. दिवाळी झाली की आमी मेंढरांमागं घाटाखाली जायचो, ते पावसाच्या तोंडाला माघारी. तुमच्या वर्गात नियम हुता, ज्याचं लय खाडं त्यानं दारापाशी पोत्यावर बसायचं. म्हंजे आमचीच पोरं. मला त्याचं काय वाटायचं न्हाई, तिथनं डोंगर दिसायचा. मग एक दिस तुमी अमेरिकेचं सांगत हुतासा. तिथं काळ्या पोरांची शाळा येगळी, गोऱ्यांची येगळी, आन तसा कायदाच. घराशेजारी शाळा असून काळ्या पोरीनं लांबच्या शाळंत जायाचं. मग तिथल्या मोठ्या कोर्टानं आपलाच जुना निकाल फिरवला, म्हणलं हे चुकीचं हाय. एवढं बोलून तुमी दाराकडं बगत ऱ्हायलासा. "हा नियम मी केला होता," तुमी म्हणलासा, "मीच मागं घेते. या गं, पुढं या." आमी लाजून हललोच न्हाई. मग तुमीच पुस्तक घिऊन आलासा आन आमच्यात पोत्यावर बसून ऱ्हायलेला धडा वाचलासा. तुमच्या साडीला पोत्यातला सगळा भुसा लागलाय, आन तुमी वाचताय. पुढच्या वर्सी आमी माघारी आलो तवा नव्या गुरुजींनी सांगितलं, बाई आजारपणात गेल्या.

आता डोंगराचं. तुमच्या माघारी आबांनी, ते रिटायर फौजी, डोंगरावर झाडं लावली आन गावाकडनं चराईबंदीचा ठराव करून घेतला. तवा झाडं गुडघ्याएवढी. मेंढरांनी शेंडं खाल्लं असतं, बंदी बरोबरच हुती. पर झाडं माणसाच्या वर गेली तरी बंदी तशीच. आमचं वडील, आण्णा, आता थकल्यात, घाट उतरणं हुईना. डोंगर मोकळा झाला तर मेंढरं ऱ्हाणार, न्हाईतर सगळी लोणंदच्या बाजारात काढायची, असं घरात ठरलं. मला तर मेंढरांबिगर दुसरं कायबी येत न्हाई बाई.

ग्रामसभेच्या आदल्या दिशी बायकांची येगळी सभा असती. बायका येत्यात, सह्या करत्यात, च्या पिऊन जात्यात. मी पयल्यांदाच गेलते. आबा आता सरपंच, सभा तेच घेत्यात. इचारत्यात, "आनी काय इषय?" मी उठते.

"आबा, डोंगर मोकळा करा."

"ठराव म्या माझ्या हातानं केलाय पोरी. मीच मोडला तर लोक तोंडावर हसतील."

मी सतरंजीकडं बगून म्हणले, "आमच्या बाई सांगायच्या, अमेरिकेत मोठ्या कोर्टानंबी आपला निकाल मागं घेतला."

"अमेरिकंत मेंढरं हायती व्हय गं?"

सगळ्या बायका हसल्या. मी मटकन खाली बसले. मागनं ऊसवाल्यांची म्हातारी उठली. "असत्याल न्हाईतर नसत्याल! आवं आबा, गावात मेंढरं थांबंनात, म्हणून माझ्या रानात कळप बसंना. लेंडीखताबिगर ऊस काय तुमच्या मिशीवर वाढवू?"

आता बायका आबांकडं बगून हसाय लागल्या. आबा हसलं न्हाईत. मला म्हणलं, "कोन बाई गं?" मग मी सांगितलं. तुमचा नियम, ते पोतं, तो भुसा. एवढं मी चारचौघांत कवाच बोलले नव्हते.

"मग हसलं का त्यास्नी कोन?"

"न्हाई आबा. उलट गावात असंपतोर आमी एक दिस शाळा बुडवली न्हाई."

आबांनी समोरची ठरावाची वही उघडली. मग म्हणलं, "उद्याच्या सभंत मीच मांडतो. नवी रोपं हायती तेवढी कड सोडून." आन मांडलं. एकजण फिदीफिदी हसला, आबांनी त्याच्याकडं बगितलंसुदीक न्हाई. आज सकाळी आण्णांनी आन मी मेंढरं वर घातली. आण्णा वर पोचल्यावर दगडावर बसून नुसतं बगत हुतं, शीळबी घातली न्हाई.

हे पाठवायचं कुठं, मला ठावं न्हाई. म्हणून हितंच मोबाईलात ठिवते. एक सांगू का बाई, राग धरू नगा. तुमचं तोंड मला आता नीट आठवत न्हाई. आवाज आठवतो, आन त्यो भुसा

थांबा, दाजींचा फोन आला. माधवनगरला माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पोरगी झाली.