टाळं चुकीच्या दाराला

अप्पा, तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर रागवायचं राहूनच गेलंय, ते आज करते. उदगीरजवळच्या ज्या सबस्टेशनवर तुम्ही जन्मभर आपरेटर होता, त्याला काल लोकांनी पुन्हा टाळं ठोकलं, ड्यूटीवरच्या बाईला आत ठेवून. तुमच्या वेळीही हेच चालायचं. लाइट गेली की गाव चालत यायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि लाइट येईपर्यंत चावी कुणाच्या तरी खिशात. आई खिडकीच्या गजांतून भाकरी आत सरकवायची, मी तिचा पदर धरून उभी. बाहेर तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय आणि तुम्ही मान खाली घालून जेवताय. फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी लाइन, बंद करायचा फोन वरून आलेला असायचा, पण तेवढं एक वाक्य तुम्ही कधी बोलला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "शिव्या द्यायला त्यांला समोर कोनी तरी पाहिजे की गं. वरचे कुठं दिसतेत?" तेव्हा तुम्ही मला लई मोठे वाटला होतात. आता नुसती चीड येते. वरचे कधी दिसलेच नाहीत, कारण तुम्ही मध्ये बसून राहिलात.

आणि आता वरची मी आहे. मुंबईत वीज कंपनीच्या हापिसात, एसी खोलीत बसून वीजखरेदी बघते. वीज आता बाजारात विकत मिळते, आडतीवर तुरीचा सौदा निघतो तशी, फक्त इथं दर पंधरा मिनिटांना नवा भाव. दुपारी ऊन असतं तोवर स्वस्त. संध्याकाळी सगळ्या राज्यांना एकदमच पाहिजे असते, मग भाव डोक्यावरून जातो. कमी पडली तर चढ्या भावानं घ्यायची, नाहीतर कुठले तरी फीडर बंद करायचे. काल उकाड्यानं मागणी अंदाजाच्या वर गेली. साहेबांनी भाव बघितला आणि घ्यायची नाही म्हणाले. बंद कुठं करायचं, मी विचारलं. म्हणाले, "लातूर-नांदेडकडचं घ्या. तिकडच्या लोकांना सवय आहे." सवय! अंगाची लाहीलाही झाली माझी. ज्या भागात गळती जास्त, वसुली कमी, तो आधी बंद, हा नियम मला पाठ आहे, पण त्यांच्या तोंडून नियम आलाच नाही. तिकडं नळाचं पाणी याच वेळेला चढवतात, गिरण्या याच वेळेला चालतात, असं म्हणून मी भांडले. भावनिक होऊ नका म्हणाले आणि खाली फोन गेला.

तासाभरात टाळ्याची बातमी आली. आतली बाई पोटुशी, दिवस भरत आलेले. पोलीस बघून घेतील, असं साहेब म्हणाले आणि चहा मागवला. मी सरळ तिला फोन लावला आणि फोन खिडकीतून बाहेर द्यायला सांगितलं. एका माणसानं घेतला. त्याला म्हटलं, तिचा काही दोष नाही, वीज महाग झाली म्हणून आम्ही इथून घेतलीच नाही, तिला सोडा. त्यानं ते मागच्या लोकांना ओरडून सांगितलं. मग म्हणाला, "आसं व्हय. मंग टाळं तुमच्या दाराला पाहिजे. सांगा पत्ता." मी सांगितला. इमारत, मजला, सगळं. त्यांनी कुलूप काढलं आणि तिचा नवरा तिला घरी घेऊन गेला.

हे तुम्ही एकदा तरी करायला पाहिजे होतं, अप्पा. एकदा तरी! आमच्यासमोर तुम्हाला कुणीही काहीही बोलून जायचं, ते मी अजून विसरलेली नाही. हे लिहिलेलं कुठं पाठवणार, ड्रॉवरमध्ये पडून राहील. म्हणून एवढं सांगून टाकते. तुम्हाला शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला तुमचं नाव ठाऊक होतं. पत्ता सांगून झाल्यावर काल त्या माणसानं विचारलं, "आन तुमचं नाव काय, ताई?"

मी फोन ठेवून दिला.